यामिनी वर्तकची इतर कामं

१० नोव्हेंबर, रविवार

पुण्यात येऊन आठवडा झाला आणि आज पहिल्यांदा वाटलं, आपलं इथे जमेल.

वाघोलीतली खोली उंचावर आहे, हवा छान येते. खराडीचं ऑफिस इथून पंधरा मिनिटांवर, असं घरमालक म्हणाला होता. तो बहुधा लॉकडाऊनमध्ये, रिकाम्या रस्त्याने तिथे गेला असावा. खिडकीजवळच्या फळीवर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी आईचा फोटो मांडला. आईला जाऊन दोन वर्षं झाली. फोटोत ती नर्सच्या साडीत आहे, हसते आहे, पुढच्या दोन दातांमधली फट दिसते. खोली लगेच आपली वाटायला लागली.

आज सकाळी शनिवार पेठेत मंदाकिनी गद्रेंच्या फ्लॅटवर गेले. ‘कर्पूरबाग’ या जुन्या मालिकेच्या चाहत्यांचा ग्रुप त्या चालवतात. परभणीत असताना मी ऑनलाइनच होते, आज माणसं प्रत्यक्ष भेटली. ताईंनी आधीच कळवलं होतं की चहा साडेदहाला होतो, उशिरा आलात तर त्याचं वर्णन ऐकायला मिळेल. मी वेळेत पोचले.

‘कर्पूरबाग’ माझ्या जन्माआधीची. मी लहानपणी दुपारी तिचं पुनःप्रक्षेपण बघायचे, आईबरोबर. डोंगरावरचा बंगला, सतत धुकं, आणि तिथे पाहुणी म्हणून येणारी उत्तरा. ती कुणाला मारत नाही, झपाटत नाही. नुसती राहते. हळूहळू घरातल्या एकेकाला आठवायला लागतं की ती पहिल्यापासून इथेच होती. कुणाची बहीण, कुणाची बायको. आणि जी खरी बहीण किंवा बायको, तिला कुणी ओळखेनासं होतं. आई म्हणायची, या बाईला स्वतःचं घरदार नाही का?

आज फार हसलो. धुक्याच्या यंत्राने एका भागात बंगल्याचे मालक सरदार यांना खोकला कसा लागला, सेटची भिंत हलली तेव्हा मोलकरणीने ती पाठीने कशी धरून ठेवली. ग्रुपमध्ये आम्ही चौघंच नियमित. ताई, निवृत्त भूगोल शिक्षक श्यामकाका पानसे, सगळे भाग कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणारा ऋषी, आणि आता मी. दर रविवारी एक नट घेतात आणि त्याची ‘इतर कामं’ आठवतात. आज सरदारांची पाळी होती. केळीच्या लागवडीवरच्या माहितीपटात ते त्याच भेदक नजरेने घडाकडे बघतात म्हणे. श्यामकाका म्हणाले, केळी घाबरून पिकली असतील.

पुढच्या रविवारी उत्तरा, म्हणजे यामिनी वर्तक. ताई म्हणाल्या, तासभर काय करणार? तिचं दुसरं कामच नाही. ही एक मालिका केली आणि बाई गेली कुठे ते कुणाला माहीत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजची बैठक वेगळीच झाली.

ऋषीने खूप शोधलं होतं, हाती काही लागलं नाही. मुलाखत नाही, मासिकात फोटो नाही. आम्ही गप्पांकडे वळणार तेवढ्यात श्यामकाका म्हणाले, थांबा, मी पाहिलंय हिला. शाळांमध्ये दाखवायचे त्या शैक्षणिक फिल्ममध्ये. फळ्यासमोर उभी राहून गणित शिकवत होती. पांढरी साडी, खडूने भरलेले हात. काका बोलत होते आणि त्यांचा चेहरा उजळत गेला, कुणी जवळचं भेटावं तसा.

मग ताईंना आठवलं. बँकेच्या नाट्यस्पर्धेत. त्या स्वतः त्या नाटकात होत्या. यामिनी त्यांच्या बहिणीचं काम करत होती. इतकी वर्षं कसं विसरले, असं त्या तीनदा म्हणाल्या.

आणि मग मला आठवलं. आईच्या आरोग्य केंद्रात पोलिओची फिल्म दाखवायचे, भिंतीवर चादर लावून. तीत बाळाला डोस पाजणारी नर्स. ती यामिनीच होती. मी सांगितलं तेव्हा सगळे खूश झाले, ताईंनी मला चिवडा वाढला.

परत येताना बसमध्ये विचार करत होते. आरोग्य केंद्रात चादर लावायला भिंत होती कुठे? एका बाजूला औषधांची कपाटं, दुसऱ्या बाजूला खिडक्या. पण मला ते नीट दिसतंय. चादरीची घडी पडलेली रेघ तिच्या चेहऱ्यावरून गेलेली दिसतेय.

२० नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात लक्ष लागलं नाही. ‘पांढरी साडी’ काकांच्या आणि माझ्याही आठवणीत कशी, याचा विचार करत बसले. नर्स असली तर असणारच. शिक्षिकेची का?

जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन केला. सहज विचारलं, आईच्या केंद्रात पोलिओची फिल्म दाखवायचे, त्यातली उंच, गोरी नर्स आठवते का? बाबा म्हणाले, फिल्म बिल्म काही नव्हती बाई, लाऊडस्पीकरची रिक्षा फिरायची. मग जेवलीस का, थंडी पडली का, असं बोलत राहिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

श्यामकाका आले नाहीत. त्यांच्या पत्नीचा, हिराकाकूंचा, ताईंना फोन आला. रडत होत्या. ताई आणि मी लगेच गेलो, घर दोन गल्ल्या पलीकडेच आहे.

काका बाहेरच्या खोलीत बसले होते. आम्हाला बघून त्यांना बरं वाटलं. हळू आवाजात म्हणाले, “त्या आतल्या बाईंना जायला सांगा हो. सज्जन दिसतात, मला उद्धटपणा करायचा नाही.”

हिराकाकू दारातच उभ्या होत्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलं त्यांनी. हे मला आज कळलं.

काकूंनी लग्नाचा फोटो आणून काकांच्या हातात दिला. काकांनी प्रेमाने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ही यामिनी. माझी बायको. फळ्यासमोर उभी राहिली की पोरं चिडीचूप. मग काकूंकडे वळून विचारलं, आपण कोण?

ताईंनी समजूत घातली. या वयात होतं असं, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. काकू फोटो घेऊन माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “तू सांग, यात मीच आहे ना?”

मी हो म्हणाले. त्या होत्या. मुंडावळ्यांमागे त्यांचाच चेहरा होता. पण हो म्हणायच्या आधी मला दोनदा बघावं लागलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ऋषी ऑफिसखाली भेटायला आला. दाढी वाढलेली, चहा हातात तसाच. मालिकेच्या सहायक दिग्दर्शकांचा पत्ता त्याने शोधून काढला होता, कोथरूडला जाऊन आला. ते म्हातारे गृहस्थ आधी बोलायलाच तयार नव्हते.

मग त्यांनी सांगितलं की उत्तराच्या भूमिकेसाठी त्यांनी कुणाला घेतलंच नव्हतं. चित्रीकरणाच्या दिवशी ती तयार होऊन सेटवर उभी होती. दिग्दर्शकाला वाटलं निर्मात्याने आणली. निर्मात्याला वाटलं दिग्दर्शकाने. काम छान करत होती, म्हणून कुणी विचारलं नाही. मालिका संपली तेव्हा दिग्दर्शक त्याच बाईला आपली बायको म्हणत होता आणि खरी बायको माहेरी गेली होती.

ऋषीने सगळे भाग पुसून टाकलेत. ग्रुप बंद केलाय. मला म्हणाला, तिच्याबद्दल बोलू नकोस. कुणाला विचारू नकोस. आठवतं का, एवढंसुद्धा विचारू नकोस. तू विचारतेस म्हणजे तू तिला आत घेतेस.

त्याला काय आठवलं, ते मी विचारलं नाही. जाताना म्हणाला, लहान बहिणीचा फोन येतोय सकाळपासून, उचलायची भीती वाटते.

मी बाबांना विचारून बसले आहे.

१ डिसेंबर, रविवार

ताईंना फोन केला. आवाज प्रसन्न. नाटकाबद्दलच बोलत होत्या. यामिनीने आणि त्यांनी एकत्र पाठांतर कसं केलं, आईने दोघींना एकसारखी पातळं कशी घेतली.

मी मध्येच विचारलं, ताई, तुमच्या सख्ख्या बहिणीचं नाव काय?

“यामिनी,” त्या म्हणाल्या. “म्हणजे काय सोनाली, दुसरं काय असणार?”

मागे कुणीतरी स्वयंपाकघरात भांडी लावत होतं. ताई एकट्या राहतात. मी विचारलं कोण आहे. त्या म्हणाल्या, अगं तीच, आणि फोन ठेवला.

३ डिसेंबर, मंगळवार

आईचा फोटो फळीवरून काढला. परत ठेवला. परत काढला.

फोटो बदललेला नाही. मी शपथेवर सांगेन. तोच कागद, तोच कोपरा दुमडलेला. बाई हसते आहे. ठेंगणी, सावळी, दातांत फट.

ही कोण, ते मला आतून कळत नाही.

आई म्हटलं की दुसरा चेहरा येतो. माझ्या तापात कपाळावर हात ठेवणारी. परभणीच्या स्टँडवर माझी बॅग धरून उभी असलेली. उंच, गोरी. मागे धुकं. परभणीत धुकं कुठलं—

मावशीला फोन केला. काही सांगितलं नाही, फक्त आईबद्दल बोल म्हटलं. मावशी खूप बोलली. आईने एकदा डॉक्टरला भर ओपीडीत कसं सुनावलं, पावसात सायकल खांद्यावर घेऊन ओढा कसा ओलांडला. मी ऐकत होते. एखाद्या चांगल्या परक्या बाईची गोष्ट ऐकावी, तसं. शेवटी मला रडू आलं. मावशीला वाटलं आठवणीने.

५ डिसेंबर, गुरुवार

ऑफिसात गेले नाही.

बाबांचा फोन आला. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “सोने, तू म्हणलीस ती फिल्म आठवली बघ. भिंतीला चादर लावायचे. तूच बरोबर होतीस.”

मी म्हटलं, नाही बाबा, फिल्म नव्हती. रिक्षा फिरायची. तुम्हीच सांगितलं होतं. ओरडले मी त्यांच्यावर. ते हसले.

म्हणाले, आवाज का असा येतोय, आजारी आहेस का, मी येतो. मी म्हटलं येऊ नका. मग वाटलं, येऊ देत. इथे माझ्यासमोर बसतील, मी फोटो दाखवीन, दोघं मिळून घट्ट धरून ठेवू. म्हटलं, या. लगेच या. एकटे या.

एकटे का म्हटलं मी?

६ डिसेंबर, शुक्रवार

आज बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. सकाळी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. आई म्हणायची त्या चालीत. चाल आठवते. आवाज दुसरा येतो.

ऋषीचा फोन लागत नाही. हिराकाकू मुलाकडे राहायला गेल्या, असं शेजारच्यांनी सांगितलं. काकांना सोडून कशा गेल्या, असं विचारणार होते. शेजारचे म्हणाले, काकांचं छान चाललंय की, पत्नी आहे ना सोबत.

७ डिसेंबर, शनिवार

बाबांचा मेसेज. आवाजातला. बसचा गोंगाट आहे मागे.

“निघालोत आम्ही दोघं. उद्या दुपारपर्यंत येऊ. तुझी आई म्हणायली, पोरीचं घर बघायचंय.”

पुन्हा पुन्हा ऐकला.

मी आईला अग्नी दिला. बाबांना उभं राहवत नव्हतं म्हणून मी दिला. हे खरं आहे. माझ्या हातांना माहीत आहे. मग चितेवर कोण—

फोन केला. उचलत नाहीत. शेवटी उचलला. बाबा नव्हते. फक्त श्वास, आणि मग खूप मायेने, माझं नाव.

८ डिसेंबर, रविवार

दुपार. लख्ख ऊन आहे. खाली मुलं क्रिकेट खेळतायत.

दाराला कडी घातली. दाराला टेबल टेकवलं. फोटो पोटाशी धरलाय. बघत नाही त्याच्याकडे. बघितलं आणि कुणीच वाटलं नाही तर—

लिफ्ट वाजली. बाबांची चप्पल ओळखते मी. त्यांच्यामागे दुसरी पावलं. दमलेली.

बेल.

उघडणार नाही. माझी आई शालन. शालन सुखदेव— माझी आई गेली. गेली ती. मी लिहून ठेवते, ती गेली—

बाबा हाक मारतायत. काळजीने. सोने, उघड ना बाई. प्रवासाने थकलीय ती. तिला जास्त वेळ उभं राहवत नाही.

ती नुसती उभी आहे. भिंतीला हात टेकला असेल. तिचे गुडघे दुखतात. जिने, प्रवास, काही सोसत नाही तिला, आणि मी एवढी घोडी झाले तरी तिला दारात—

आले. आले गं. टेबल जरा सरकवते, तू तोवर