देवाजीकाकाचे गुफले

सिक्कीम, रस्त्याच्या कामाचा कॅम्प
३ ऑक्टोबर

प्रिय ताईले,
पियुषचा नमस्कार. वि. वि.

दरड कोसळून रस्ता अन् मोबाइलचा टॉवर दोन्ही गेले, म्हणून हे पत्र; डाकेची थैली तेवढी दोरावरून पलीकडं जाते. मी खुशाल आहे. पण माझ्यासंग कामाले आलेल्या खाप्याच्या देवाजीकाकाचा पाय मोडला. इथल्या डोंगरात झाडावर चढणारी वेल असते, तिले गुफला म्हणतात. फळ जांभळं, आत गोड गर. काकाले वाटलं, आपल्या माहुलवेलीसारखी दणकट असंल. लोंबकळले, अन् वेलीसकट खाली! आता तापात भात पोटात टिकत नाही, गुफल्याचा गर तेवढा टिकते. काढाले मीच चढतो, बाकीचे भितात.

दिवाळीआधी एक टोळी दरडीवरून पायी उतरणार आहे. वाट एकट्यापुरती, काकाले नेता येत नाही. दिवाळी झाली की तुझं साक्षगंध. बाबा नाहीत, साखरपुड्याले पाव्हण्यायपुढं कोण उभं राहील? काय करू, लिहिजो.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा पियुष

प्रताप नगर, नागपूर
११ ऑक्टोबर

चि. पियुषले, अनेक आशीर्वाद.

काहून गा, मलेच विचारतं? माकडासारखा झाडाझाडावर हिंडत होता, तवा विचारलं होतं का?

काल प्रयागकाकू आल्या. नवऱ्याचा पाय मोडला, हे त्यायले ठाऊकच नाही. माझ्या साक्षगंधाचे पापड लाटता लाटता म्हणाल्या, तुमचा पियुष संग आहे, मले घोर नाही. मले त्यायच्या तोंडाकडे पाहवलं नाही. आईले सांगितलं, पियुषले सुट्टी नाही.

तू यावं म्हणून जीव तुटते. पण काकाले टाकून आला, तर भाऊबीजेले ओवाळणार नाही.

जिवाले जपजो.
तुझी ताई, सोनिका

कॅम्प, २४ ऑक्टोबर

प्रिय ताईले, नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र काल भेटलं. त्याच्या आधीच मी निघालो होतो. रागावू नको, पुढचं वाच.

निघाच्या सकाळी वेलीवर चढून काकाजवळ टोपलीभर गुफले ठेवले. ते म्हणाले, जा गा, माझ्या वाट्याच्या पुऱ्या तूच हाण. दरडीपाशी दोर काढाले बोचकं सोडलं, तर आत सगळे गुफले. मी चहाले गेलो तवा त्यायनंच भरले होते. पलीकडून टोळीवाले हाका मारून राहिले होते. मी बोचकं बांधलं अन् मागं फिरलो.

टोपलीत नुसती पानं होती. मले पाहून काका म्हणाले, गधा आहे तू, अन् भिंतीकडं तोंड केलं. तवापासून बोलून नाही राहिले. भरवलं तर खातात. ताप हटला नाही.

हे पोचेल तवा तुझं साक्षगंध झालं असंल. प्रयागकाकूले आता खरं सांग, माझ्या एकट्याच्यानं होत नाही. वेलीचे खालचे गुफले सरले. उद्या शेंड्यावर चढतो.

आईच्या पायावर डोकं ठेवतो. लोभ आहेच, तसाच राहू दे.
तुझा पियुष