अटी वाचल्याशिवाय गाडी नाही

१२ जानेवारी
सोयगावला अण्णांचं वर्षश्राद्ध उरकलं. वडील गेले की वर्षभर घरात नवी वस्तू आणायची नाही, म्हणून गाडी थांबली होती. आता अडचण नाही. पंगतीत चार माणसांदेखत आईला सांगितलं, पुढच्या वेळी नवी गाडी घेऊनच येईन आणि तुला कायमचं संभाजीनगरला नेईन. चार पावलं चाललं की तिला धाप लागते. हृदयाचा डॉक्टर सोयगावात नाही. एसटीची पायरी तिला चढवत नाही.
महिनाअखेर गाडी दारात. नक्की.

१९ जानेवारी, रविवार
जालना रोडवर तीन शोरूम पाहिली. पहिली कंपनी तीन वर्षं वॉरंटी देते, किलोमीटरची मर्यादा आहे. दुसरी तीनच वर्षं, मर्यादा नाही. तिसरी जादा पैसे भरले तर सात वर्षं म्हणते. तिथला सेल्समन आकाश म्हणाला, काका, आधी बसून तर बघा. मी अटींचं पुस्तक मागितलं. हसला. वाळूजच्या पंपाच्या कंपनीत मी वॉरंटी विभागात आहे, हे त्याला माहीत नाही. जळालेले पंप येतात, मी अट दाखवतो, पंप परत जातात. मला कोण फसवणार?

२ फेब्रुवारी
तुलना चालू. क्लच वॉरंटीत नाही. रबर नाही. उंदरांनी वायर कुरतडली तर नाही. आमच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत. योगिनी म्हणाली, तुम्ही गाडी घेताय का उंदीर? बायकोला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.
आईचा फोन. म्हणाली, बोचकं बांधून ठिवलंय. गाडीपुढं फोडायला नारळ बी घेतलाय. लई दिस लावू नको लेकरा.

२१ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरचे फारूखभाई स्वतःची जुनी गाडी भाड्यानं चालवतात. म्हणाले, अंगदसाब, सुबू निकलते, शाम कू अम्मा घर में. डिझल डालो बस. मी विचारलं, हिची वॉरंटी कधी संपली? म्हणाले, मेरी शादी के पहले. आभार मानून नाही म्हटलं. सिल्लोडच्या पुढं बंद पडली तर जबाबदार कोण? शिवाय चार माणसांदेखत नवी म्हटलंय.

२८ मार्च
पाडव्याला घ्यायची ठरली होती. रद्द. वॉरंटी डिलिव्हरीच्या दिवसापासून धरतात. मी कंपनीच्या बसनं कामाला जातो. म्हणजे गाडी उभी आणि वॉरंटी चालू. विचार करायला हवा.
आईला हे समजावलं. म्हणाली, तुझ्या बापानं बाजारात शेळीचे दात पाहिले, पैसे दिले अन् निघाला. बिडी इझायच्या आत. मी म्हटलं, म्हणून तर दोन शेळ्या मेल्या. ती म्हणाली, बाकीच्यांवर तूच शिकलास. मग तिला धाप लागली, फोन बंद झाला. उन्हाळ्यानं होतं.

१६ एप्रिल
सात वर्षांची पक्की. बुकिंग केलं. अक्षय्य तृतीयेला डिलिव्हरी.
आई हल्ली कमी बोलते. आराम करत असावी. शेजारीण सुगंधाबाई म्हणाल्या, पाय सुजलेत, रातभर बसूनच असती. म्हणजे अंथरुणाला खिळलेली नाही. चांगलं लक्षण. मीठ कमी करायला सांगितलं.

२९ एप्रिल
शेवटच्या पानावर एक अट राहिली होती. पुराचं पाणी आत गेलं तर? आकाशला सांगता येईना. वरून लेखी उत्तर आणायला सांगितलं. डिलिव्हरी पुढं गेली. योगिनी म्हणाली, मी फारूखभाईंना सांगते. मी म्हटलं, एकच आठवडा.
आईला कळवलं. बरं म्हणाली.

४ मे
आई गेली. सुगंधाबाईंचा फोन आला. फारूखभाईंच्या गाडीतून निघालो. घाटातसुद्धा कुठं थांबली नाही. मी लक्ष ठेवून होतो.

१७ मे
तेरावं करून परत आलो. योगिनीनं आईचं बोचकं सोडलं. दोन लुगडी, अण्णांचा फोटो, नारळ. मी तो कानाशी धरून हलवला. पाणी आटलं होतं.
आकाशचा फोन. लेखी उत्तर आलंय. पुराचं पाणी वॉरंटीत नाही. गाडी पाठवू का, म्हणाला. मी सांगितलं, आता वर्षभर घरात नवी वस्तू आणता येत नाही. योगिनी नारळ घेऊन आत गेली.
घाईत चूक झाली असती. आता वर्ष आहे. या वेळी नीट बघून घेऊ.