पाढ्यांचा तास

५ जुलै १९७१, सोमवार

पुन्हा तेच! तिसरीतली बद्रुन्निसा पाढ्यांच्या तासाआधी ओकली, शाळेच्या पायरीवरच. मीच राख टाकली, मीच झाडलं. शाळेत मास्तर दोनच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी हेडगुरुजींकडे — सहादेव गुरुजींकडे. मध्ये नुसता बांबूचा तट्ट्या. पलीकडे छडी वाजली की अलीकडे माझी पोरं साधी बेरीज विसरतात.

कोल्हारहून शाळेपर्यंत पायी जाऊन-येऊन जीव अर्धा होतो. पोरांना गणिताची गोडी लावायची, असं ट्रेनिंगला शिकवलं होतं. मलाच कशाची गोडी राहिली नाही.

८ जुलै

इमामबी आली होती, बद्रुन्निसाची आई. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "बाई, पोरीचं नाव काढा. झोपंत पाढे म्हनती अन् रडती. काय करायचं असलं गनित? घरी कोंबड्या तरी सांभाळंल."

आठवडाभर थांबा, म्हटलं. का म्हटलं कोण जाणे!

मधल्या सुट्टीत गुरुजींपाशी गेले. म्हटलं, तिसरीला चिंचोके देऊ या, हातानं गट पाडू देत, खेळू देत. "खेळ घरी, बाई. तोंडपाठ नाही ते गणित नाही." मान वर करूनही पाहिलं नाही. वाद घालायचं त्राण नव्हतं. परत आले.

९ जुलै

पाय सुजलेत. जेवले नाही.

१२ जुलै, सोमवार

आज तट्ट्याच्या फटीतून सगळं पाहिलं.

बद्रुन्निसाच्या तोंडून पाढा निघेना. गुरुजी ओरडले, "बोलत नाहीस तर लिही! बासष्टातून सदतीस गेले, किती?" पाटी त्यांच्या हातात गेली. मग "चूक!" — आणि छडी. तळहातावर, पुन्हा तळहातावर.

पोरगी पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याकडे आली. पाटी तशीच काखेत. मी पाहिली. पंचवीस! स्वच्छ, मोठ्या अक्षरात पंचवीस.

"अगं, बरोबर आहे की हे!"

तिनं ओढणीनं पाटी पुसून टाकली.

१३ जुलै

रात्रभर डोक्यात एकच — असं कसं होईल? माणूस तापट आहे, पण गणितात चुकणारा नाही.

शाळा सुटल्यावर एक पाटी घेऊन गेले. कोरी. एक रेघसुद्धा नव्हती तिच्यावर. म्हटलं, "गुरुजी, दुसरीतल्या पोरानं गुणाकार केलाय, बघता का जरा?"

त्यांनी पाटी उजेडाकडे धरली. तिरकी केली. "बरोबर आहे," म्हणाले, "अक्षर सुधारायला सांगा."

मी पाटी परत घेतली.

"गुरुजी, पाटी कोरी आहे."

बाहेर शेळ्या परत येत होत्या, त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. मग ते म्हणाले, "काचबिंदू. नगरला दाखवून आलो. उपाय नाही म्हणाले. पेन्शनीपर्यंत निभेल असं वाटलं होतं." आणि मग, "वर कळवणार का, बाई?"

दया आली, खोटं कशाला लिहू. पण रागही आला — भयंकर! म्हटलं, "पोरीचं उत्तर बरोबर होतं, गुरुजी. तुम्हाला दिसलं नाही म्हणून तिनं मार खाल्ला."

त्यांनी चाचपत छडी उचलली आणि माझ्यापुढे धरली. मी घेतली. वर कळवायचं नाही, असं ठरवूनच बाहेर पडले. चांगलं केलं की वाईट, आज तरी कळत नाही.

१४ जुलै

गुरुजी आज सगळ्या वर्गासमोर उभे राहिले. "बद्रुन्निसा, परवा तुझं बरोबर होतं. नजर माझी चुकली." कुणी हसलं नाही. चौथीतली पोरंसुद्धा खाली बघत बसली.

आता चारही इयत्तांच्या पाट्या मी तपासायच्या. घ्या! आधीच काय कमी होतं!

२१ जुलै

तिसरी-चौथी गुरुजींबरोबर चिंचेखाली. चिंचोके आता तेच मागून घेतात. बोटांनी चाचपून गट पाडतात, पोरं बरोबर की चूक ते सांगतात. छडी नाही. तिचं मी घेतली त्याच संध्याकाळी चुलीत सरपण केलं.

आज त्यांनी कोडं घातलं — "खुराड्यात शेळ्या अन् कोंबड्या. डोकी पाच, पाय चौदा. शेळ्या किती?"

पोरांची ही झुंबड! चार, एक, तीन — जो तो ओरडतोय. एक म्हणे, शेळी खुराड्यात मावलीच कशी? गुरुजी हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. मग बद्रुन्निसाचा बारीक आवाज —

"दोन."

"कशावरून गं?"

"आदी समद्यांना दोन-दोन पाय दिले. धा झाले. चार उरले. ते कोंबड्यांना कशाला? शेळ्यांना दिले. दोन शेळ्या."

गुरुजींनी चिंचोके बोटांनी तसेच वाटून पाहिले. मग, "पाय वाटले होय! मला हे कुणी शिकवलं नव्हतं." पोरगी ओढणी तोंडात धरून हसत होती.

पाट्या तपासता तपासता मीही थांबले होते. अंग तसंच दुखत होतं, पण थांबले होते.

२ ऑगस्ट

इमामबी भेटली वाटेत. "बाई, कोंबड्यांना दाणं टाकती अन् त्यान्लाच हिशोब इचारीत बसती! नाव राहू द्या तिचं."

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

११ ऑगस्ट

तपासणी! न सांगता साहेब आले. सायकलवरून, घामाघूम. गुरुजी खुर्चीत ताठ. साहेबांनी तिसरीला गुणाकार घातला, एका पोराची पाटी घेतली आणि गुरुजींच्या हातात दिली. "तपासा, गुरुजी. तुमची पद्धत बघू."

मी उठले.

तेवढ्यात बद्रुन्निसा उभी राहिली. "साहेब, आमच्यात पाटी गुरुजी न्हाई वाचत. पोरंच वाचत्यात." गुरुजींच्या हातातली पाटी अलगद काढून घेतली आणि खणखणीत वाचली. शेजारचा लगेच उठला, त्यानं पुढची वाचली. मग तिसरा. जणू रोजचंच!

साहेब खूष. शेऱ्यात लिहिलं — पद्धत अनुकरणीय.

१२ ऑगस्ट

बद्रुन्निसाला बाजूला घेतलं. विचारलं, गुरुजींना दिसत नाही हे तुला कधी कळलं?

"आमाला समद्यांना ठावं हाय, बाई. तिसरीत आलो तवापासून."

"म्हणजे त्या दिवशी मार खाल्लास तेव्हाही? मग बोलली का नाहीस?"

"समद्या वर्गाम्होरं कसं सांगायचं? गुरुजींना लाज वाटली असती."