आरशाची उतरलेली कडा

नंदनवन, नागपूर
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय दीक्षा,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. धम्मचक्र दिनाले तू पुण्याहून आली नाही, तरी तिनं तुझं ताट वाढून ठेवलं होतं.

आपल्या दुर्बिणीची नळी झाली. पीव्हीसीचा जाडा पाइप आणला, आतून काळा रंगवला, खाली ऑफिसच्या मोडक्या खुर्चीची बेअरिंग बसवली. मस्त फिरते. शेजारचे कृष्णकांत विचारत होते, "बोअर मारून राहिले का गा?"

राहिला दुर्बिणीचा आरसा, आपण हातानं घासलेला. मे महिन्यात त्याची कडा उतरलेली, म्हणजे काठाशी काच जास्त घासलेली दिसली, तेव्हापासून कपाटात होता. मंगळवारी काढला, म्हटलं पुन्हा घासू. घासण्याआधी एकदा तपासला. तोच छोटा बल्ब, त्याच्या उजेडात सरकवायचं तेच ब्लेड, अन् काचेतले खड्डे-टेकाडं दाखवणारी आरशावरची सावली. अन् कडा एकदम बराबर वं! कुठंच उतरलेली नाही. मले वाटलं, आपल्याले मोतीबिंदू झाला.

मग गंमत म्हणून काचेवर अर्धा मिनिट अंगठा दाबून धरला. काढून पाहतो तं तिथं टेकाड. थोड्या वेळानं आपोआप बसलं. बोटाच्या उबेनं काच फुगते, अन् तेवढंही या ब्लेडले दिसते. मग मले काही चैन पडेना. आरसा अर्धा तास उन्हात ठेवला, अन् तसाच कूलरसमोर नेला. कडा उतरलेली. मे महिन्यात होती, हुबेहूब तशी. वाऱ्यानं काठ आधी थंड होऊन आकसतो, मधली काच गरमच राहते; तासाभरानं सगळी सारखी थंड झाली, अन् कडा पुन्हा सरळ.

त्या दिवशी आपण भरदुपारी गच्चीवर आरसा घासला होता. तू म्हणत होती, बाबा, थोडा थंड होऊ द्या. मी ऐकलं नाही, गरमच कूलरच्या खोलीत तपासला, अन् कडा उतरलेली दिसली. वरून खगोल मंडळाच्या लोकांसमोर म्हटलं, हिनंच कडेवर जोर दिला, हिले कोणतंच काम धड जमत नाही. पस्तीस वर्षं फिटर होतो मी. लोखंड थंड झाल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हे किती पोरायले शिकवलं. तुझ्या वेळेले काहून विसरलो, मलेच समजत नाही.

पाच महिने तू बोलली नाही. बरोबरच केलं.

काल मंडळात उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं, आरसा दीक्षानं नीट केला होता, चूक माझी. रविंद्र म्हणाला, जाऊ द्या काका, होते असं. मी म्हटलं, जाऊ कसं देऊ? माझी पोरगी गेली ना.

शनिवारच्या गाडीनं आरसा घेऊन पुण्याले येतो. तू दार उघडलं नाही तं दाराशी ठेवून परत जाईन, तो तुझाच आहे. उघडलं, तं तू तपास. तू म्हणशील तितका वेळ मी चूप बसून राहीन.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा