गब्बूची शिफ्ट

३ नोव्हेंबर, सोमवार
मेघा काल पुण्याला गेली. नोकरीला! आणि तिचा कॉकाटील पोपट पडला माझ्या गळ्यात. नाव गब्बू, अंग मूठभर, डोक्यावर पिवळा तुरा, मिजास मात्र मॅनेजरची. पोरीने फ्रिजवर कागद चिकटवलाय — सकाळी राळे-बाजरी दोन चमचे, संध्याकाळी भिजवलेले मूग, पालक. सूर्यफुलाच्या बिया चार. पाचवी नाही! "बाबा, जसा हाय तसाच वापस पाहिजे मले."

जयवंता त्याच्या चोचीला घाबरते. सत्तावीस वर्षांच्या संसारात मला कधी घाबरली नाही! म्हणजे खाऊ घालणं माझ्याकडेच.

४ नोव्हेंबर
फर्स्ट शिफ्ट. पाचला त्याला राळे, साडेपाचला मला हिंगण्याच्या कारखान्याची बस. चारला परत, की मूग. आज हातावरून खाल्ले! तळहाताला गुदगुल्या झाल्या. कुणाला सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर
सेकंड शिफ्ट लागली. मी उशिरा उठतो, म्हणून गब्बूचाही नाश्ता अकराला. मूग मी ड्युटीवरून आल्यावर. कामगाराच्या घरचं पाखरू, शिफ्टची सवय नको का?

१९ नोव्हेंबर
परत फर्स्ट. गब्बू वाटीकडे बघत नाही. छातीची पिसं उपटून टाकलीत, गुलाबी कातडी दिसते. मेघाचा व्हिडिओ कॉल आला आणि मी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला. "झोपला," म्हणालो. दुपारी साडेचारला! याला काही झालं तर पोरीला काय तोंड दाखवू?

२० नोव्हेंबर
सुट्टी टाकली. मेघाच्या कागदावर नंबर होता त्या, महाल भागातल्या पाखरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.
"किती वाजता चारता?"
"माह्या शिफ्टनं, मॅडम."
बाईंनी पेन खाली ठेवला. "अन् पाखरू कोन्त्या कंपनीत हाय तुमचं?"
मग नीट समजावलं. उजाडल्यावर एकदा, दिवस मावळताना एकदा, रोज त्याच वेळी. असंच चाललं तर जगणार नाही म्हणाल्या. घरी वाडीपर्यंत ऑटोत पिंजरा मांडीवर घेऊन बसलो. आयुष्यभर भोंग्यावर जगलो, पाखराला भोंगा नसतो हे डोक्यात आलं नाही. मूर्ख!

२१ नोव्हेंबर
सुपरवायझर श्रीधरकडे कायमची जनरल शिफ्ट, म्हणजे रोज एकच दिवसाची वेळ, मागितली. "बावीस वर्षांत नाई मागितली भाऊ, आता काहून?" पाखरासाठी म्हणायची लाज वाटली. घरी तब्येत बरी नाही म्हणालो. "कोनाची गा? वहिनीची?" मी नुसतीच मान हलवली.

२५ नोव्हेंबर
जनरल मिळाली. पण श्रीधर आज संत्री घेऊन वहिनीला बघायला घरी हजर! ती दारात, हात कणकेने भरलेले, चांगली ठणठणीत. त्याला काय सांगितलं देव जाणे, हसत गेला.

नंतर म्हणाली, "पोरगी लहान होती तवा नाई मागितली जनरल." हसतच म्हणाली. मला हसू आलं नाही. मेघाला मी एक घास भरवल्याचं आठवत नाही. फर्स्टला निघालो की झोपलेली, सेकंडहून आलो की झोपलेली.

२७ नोव्हेंबर
आज चार दाणे टिपले.

२ डिसेंबर
वाटी साफ! एकेक राळा सोलून, टरफलं माझ्या शर्टावर. छातीवर नवीन पिसांचे बारीक कोंब आलेत. मी स्वयंपाकघरात जाऊन जयवंताला हात धरून घेऊन आलो. तिनेही एक मूग दिला. दुरून!

१७ डिसेंबर
मेघाचा फोन. तिथे खोली मिळाली. रविवारी गब्बूला न्यायला येते.
डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रवास झेपणार नाही — असं सांगितलं तिला. बाई असं काहीच म्हणाल्या नाहीत.

१९ डिसेंबर
मेघाचा मेसेज. "बाबा, डॉक्टरबाईसोबत बोलली मी. प्रवास चालते म्हणे. तुमाले सोतासाठी काही पाहिजे, असं मी कदी पाह्यलंच नाई. राहू द्या गब्बूले तुमच्याजवळ."