कोरडी फरशी

चि. धर्मेंद्रास,

त्या सकाळी मी नेहमीसारखा तुझ्या घरातल्या देवांपुढे दिवा लावला, कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. वाटणीत पक्कं घर तुला आलं, मला गोठा आणि त्याला लागून खोली. तू नागपूरला, म्हणून दिवा माझ्याकडे.

दुपारी वादळात माझ्या खोलीवरची टिनं उडाली. आईला धरून तुझ्या ओट्यावर आलो आणि तुला फोन केला.

"भाऊ, नवीन फरशी आहे गा, चिखल होईल. आईले गोठ्यात ने."

किल्ली कमरेला असून मी तुला विचारलं आणि वर तुझं ऐकलं, ही माझी चूक.

गारा थांबेपर्यंत आई पवळ्या बैलाच्या पोटाला टेकून बसली. त्यानं शेपूटही हलवलं नाही.

"यानं नाही विचारलं मले, पाय धुतले का म्हणून," आई म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू फोनवर विचारलंस, देवाजवळ पाणी तर नाही गेलं? आईचं विचारलं नाहीस.

हे पत्र मी पाठवणार नाही. पण आज देव गोठ्यात आणले. आईनं ते पवळ्याच्या गव्हाणीवरच्या कोनाड्यात मांडले, दिवा लावला. तुझी किल्ली तुझ्याच कुलपात ठेवून आलो. फरशी कोरडी आहे.

तुझा मोठा भाऊ,
चंद्रभान