दोनदा केलेली बेरीज

चि. संघर्ष,

छप्पन्नाव्या वर्षी एम.टेक. करणाऱ्या तुझ्या जुन्या मॅडमला लोहाऱ्याच्या कारखान्यातला मार्गदर्शक म्हणून तूच मिळालास. आज माझ्या प्रबंधातली चूक तू एकांतात दाखवलीस. "बेरीज चुकली, मॅडम. तुमच्या पेपरात मी बेरजेपायीच नापास झालतो ना, तवापासून दोनदा करतो!" म्हणत हसलास.

त्या पेपरातली तुझी बेरीज बरोबर होती रे. तुझ्या गुणांची बेरीज मीच चुकले होते. निकालानंतर कळलं, पण मी गप्प राहिले आणि तुझं वर्ष गेलं.

चूक उभं राहून सांगायची, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेलं. आज मी खुर्चीतून उठलेही. तू म्हणालास, "बसा ना मॅडम, उभ्या कायले राह्यता?"

मी बसले. हे पत्रही आता पर्समध्येच राहील.

तुझी विद्यार्थिनी,
कुमुदिनी